श्रुतलेखन : अवधान आणि शरीरावरील ताण

श्रवण आणि लेखन ही दोन कौशल्ये श्रुतलेखनात एकाच वेळी वापरावी लागतात. हात एक वाक्य लिहीत असतो, कान पुढचे ऐकत असतो आणि मधले शब्द स्मृतीत धरून ठेवावे लागतात. हा भार केवळ मनावर पडत नाही.

डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ऐकलेले अंक लक्षात ठेवताना प्रत्येक अंकागणिक डोळ्याची बाहुली मोठी होत गेली. अंक परत सांगताना ती पुन्हा लहान होत गेली. ओझे उचलताना दंड फुगावा, तसेच हे. त्यात वेळेचे दडपण आले, की अनुकंपी चेतासंस्था अधिक सक्रिय होते, अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, नाडी जलद चालते, तळहात घामेजतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मात्र सावकाश वाढते आणि सावकाश ओसरते. म्हणूनच उत्तरपत्रिका देऊन बाहेर आल्यावरही शरीर लगेच निवत नाही.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण महादेवभाई देसाई यांचे आहे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. महादेवभाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि तेथून पायी जाऊन-येऊन दहा-अकरा मैल चालत, तेही वर्ध्याच्या उन्हात. गांधीजींचे बोलणे टिपणे, पत्रव्यवहार सांभाळणे, ‘हरिजन’साठी लिहिणे, गुजरातीचे इंग्रजी करणे, ही त्यांची कामे होती. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले; तेव्हा त्यांचे वय ५० होते. या मृत्यूचे खापर लेखनश्रमांवर फोडणे अशास्त्रीय ठरेल. तथापि विसाव्याविना वर्षानुवर्षे चालणारा ताण हृदयाला अपायकारक असतो, हे वैद्यकाला मान्य आहे.

अल्पकाळच्या ताणाची गोष्ट वेगळी. परीक्षागृहात छाती धडधडली, की ‘आता या वयात हे जमायचे नाही’ असा अर्थ अनेक प्रौढ विद्यार्थी काढतात. तो मला मान्य नाही. ते धडधडणे अपात्रतेचे लक्षण नव्हे. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे.

करून पाहा : स्वस्थ बसून एक मिनिट नाडी मोजा. घरातील कोणाला वर्तमानपत्राचा अग्रलेख नेहमीच्या गतीने वाचायला सांगा आणि पाच मिनिटे तो उतरवून घ्या. लगेच नाडी मोजा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. तिन्ही आकडे वहीत नोंदवा आणि शब्द कोठे गळू लागले, ती जागा अधोरेखित करा.