टोपी गेली, काडतूस आले

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या जुन्या पेटीत एक जड, पाच बारी रिव्हॉल्व्हर निघाले. जाणते लोक म्हणतात, हे मूळचे ठासणीचे, मागाहून काडतुसाचे केलेले. असे खरेच करत का? आणि इतक्या जुन्या वस्तूला परवाना लागतो का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : करत, आणि खुद्द लष्करासाठी करत. पाच बार म्हटल्यावर पहिला संशय ब्यूमाँट-ॲडम्सवर जातो. ब्रिटिश लष्कराने ते 1856 मध्ये स्वीकारले आणि सत्तावन्नच्या धामधुमीत ते इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होते. वऱ्हाड 1853 पासूनच कंपनीच्या कारभाराखाली, तेव्हा असे हत्यार इकडे सापडले तर नवल नाही.

आपल्याकडच्या भरमार बंदुकीसारखीच त्याची तऱ्हा. चक्राच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार. पाऊस लागला की दारू भिजे, आणि पाच बार संपल्यावर पुन्हा भरताना जीव जायची वेळ येई. पितळी काडतूस आले आणि ही कटकट संपली. पण हजारो चांगली हत्यारे भंगारात कोण टाकणार? म्हणून 1868 पासून जुन्या ॲडम्सना आरपार भोकांचे नवे चक्र बसवून .450 काडतुसाचे केले गेले. अमेरिकेत मात्र आरपार चक्राचे पेटंट स्मिथ अँड वेसनच्या मुठीत होते. ते 1869 मध्ये संपले, तेव्हा कोल्टनेही आपली जुनी रिव्हॉल्व्हरे बदलायला घेतली.

तुमचे हत्यार असे ओळखा. चक्राच्या मागे उजव्या बाजूला उघडझाप करणारी छोटी झडप आहे का? नळीच्या बाजूला रिकामे काडतूस ढकलून काढायची सळई आहे का? चक्रावरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर चक्र मागाहून बसवल्याचा संशय पक्का होतो. मात्र हे सारे नुसते डोळ्यांनी पाहायचे. चाप ओढू नका, चक्र फिरवू नका. चक्राच्या घरात जुना बार शिल्लक असेल तर कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

आता परवाना. इंटरनेटवर ‘1898 पर्यंतचे हत्यार म्हणजे पुराणवस्तू, परवाना नको’ असे वाचाल. तो अमेरिकेचा कायदा. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 45 नुसते वय बघत नाही. जुनाट किंवा पुराणमूल्याच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतोच. वर काडतुसाचे केलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे उडण्यासाठीच सुधारलेले. ‘शोभेची वस्तू आहे हो’ हे म्हणणे तिथे टिकत नाही.

म्हणून आधी वकिलाला गाठा, पेटीत पूर्वजांचा जुना परवाना सापडतो का ते पाहा. मग हत्यार कुठेही न मिरवता पोलिसांना कळवा, जमा करा आणि पावती घ्या. वारसाहक्काने ठेवायचे असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. ठेवायचे नसेल तर नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयाला देण्याबाबत त्यांच्याकडेच विचारा. आणि कृपा करून गंज काढायला पॉलिशपेपर घासू नका. क्रमांक आणि शिक्के एकदा पुसले गेले की हत्याराची ओळख पटवायला काही उरत नाही.