दिवाळीचं तिकीट गणपतीआधी

दिवाळी जवळ आली की होस्टेलवर एकच प्रश्न, "वेटिंग किती?" म्हणून हा हिशेब मांडतोय.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. प्रवासाचा दिवस यात धरायचा नाही. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ५ तारखेला निघायचं तर बुकिंग ६ सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसायच्या आठ दिवस आधी. वार रविवार, तेव्हा अलार्म लावा! ऑनलाइन खात्याला आधार आधीच जोडून ठेवा. १५ नोव्हेंबरच्या परतीचं बुकिंग १६ सप्टेंबरला, ऐन गणपतीत.

अडचण एकच. तोवर परीक्षेचं वेळापत्रक लागत नाही. तरी थांबू नये असं मला वाटतं. अंदाजाने काढलेलं साधं तिकीट वेळेत रद्द केलं तर थोडेच पैसे कापतात. तत्काळ मात्र आदल्या दिवशी, एसी १० ला आणि स्लीपर ११ ला उघडतं. पैसे जास्त, आणि कन्फर्म झाल्यावर रद्द केलं तर परतावा नाही.

सरांना एक विनंती: निदान शेवटच्या पेपरची तारीख ऑगस्टअखेर सांगितलीत, तर लांबच्या गावची मुलं दिवाळीला बसून घरी जातील.