नाव चहाचे, झाडे वेगळी

भगिनींनो, बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत विहारातली आरोग्य बैठक संपली की आम्हाला हा प्रश्न येतो : "ताई, टी ट्री म्हणजे चहाचंच झाड ना? मग त्याचं तेल पोटात घेतलं तर काय बिघडलं?" बिघडते, आणि फार बिघडते. म्हणून ही झाडे नीट ओळखू या.

पहिले खरे चहाचे झाड. ते आसाम, दार्जिलिंग, निलगिरीच्या डोंगरात होते. त्याचाच पाला वाळवून आपली पत्ती बनते. हा चहा जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका. लोह अंगी लागत नाही. मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. गरोदर लेकी-सुनांनी हे विशेष पाळावे.

दुसरा गवती चहा. हे झाड नव्हे, गवत आहे. आपल्याकडे मोरीच्या सांडपाण्यावरही वाढते. दोन-चार पाती धुऊन, आले घालून उकळली की सर्दीत बरे वाटते. पण त्याने डेंग्यू, मलेरिया जात नाही. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

तिसरे टी ट्री. हे झाड ऑस्ट्रेलियातले. जांभूळ, पेरू, निलगिरी यांच्या कुळातले. १७७३ साली कॅप्टन कुकच्या खलाशांनी न्यूझीलंडमध्ये याच कुळातल्या एका झुडपाचा पाला चहासारखा उकळून प्यायला. पुढे अशा अनेक झाडांना टी ट्री म्हणू लागले. खऱ्या चहाशी त्यांचे काही नाते नाही.

या टी ट्रीचे तेल साबणात, फेसवॉशमध्ये असते. छोट्या बाटलीतही मिळते. ते पिण्याचे नाही. लहान मुलाच्या पोटात दोन चमचे गेले तरी गुंगी येते, तोल जातो, शुद्धही हरपू शकते. असे झाले तर ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. निलगिरीच्या तेलालाही हाच नियम. नुसते तेल कातडीला लावले तर आग होते, पुरळ उठते. तान्ह्या बाळाला तर लावूच नका.

बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवा. नावावर जाऊ नका, लेबल वाचा. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

जय भीम!