कॅमेऱ्याचीही रंगीत तालीम

नवा कॅमेरा दुकानात कधीच वाईट दिसत नाही. डोक्यावर पांढरेशुभ्र दिवे, काउंटरपलीकडे हसतमुख विक्रेता, हातात चकचकीत बॉडी, आणि मागच्या पडद्यावर उमटलेला फोटो असा की हात आपोआप पाकिटाकडे जावा. माझं काम मात्र अंधारातलं. मी पुण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकांचे फोटो काढते. त्यामुळे कॅमेरा बदलायची वेळ आली तेव्हा मनाशी पक्कं केलं, की आवडलेला कॅमेरा आधी भाड्याने घ्यायचा, एखाद्या रंगीत तालमीला न्यायचा, आणि मगच पैशांचं बोलायचं. भाड्याचे दोन-अडीच हजार गेले. पण दीड-दोन लाखांचा निर्णय त्या एका संध्याकाळने बदलला.

कॅमेरा बदलायचं कारण होतं आवाज. जुन्या डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आतला आरसा वर उडतो, शटरचे पडदे सरकतात आणि आरसा पुन्हा खाली आपटतो. नाटकात पात्र वाक्य अर्ध्यावर तोडून गप्प होतं, तोच क्षण फोटोचा असतो आणि नेमकं तेव्हाच सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. तिथे माझं ‘खटाक्’. “ताई, फोटो छानच येतात तुमचे, पण तेवढा आवाज बंद होईल का?” असं एका दिग्दर्शकाने फार सौम्यपणे विचारलं, आणि त्या सौम्यपणामुळेच ते जास्त लागलं. मिररलेसमध्ये आरसाच नसतो. शिवाय त्यातलं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की पडदाही हलत नाही. कॅमेरा पूर्ण मुका. सोनीने २०१३ मध्ये मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरचा मिररलेस बाजारात आणला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन त्याच वाटेने गेले. त्यामुळे मिररलेस घ्यायचा हे नक्की होतं. कुठला, एवढंच ठरायचं होतं.

रंगीत तालीम ही कॅमेरा तपासायला उत्तम जागा. दिवे, नेपथ्य, वेशभूषा, सगळं प्रयोगासारखं. फक्त प्रेक्षक नाहीत. त्यामुळे जागा बदलता येते, सेटिंग बदलून तोच प्रवेश पुन्हा टिपता येतो, आणि आपला गोंधळ झाला तरी कुणाचा प्रयोग बिघडत नाही. अर्थात दिग्दर्शकाची परवानगी आधी घ्यायची.

पहिला प्रवेश दिवसाचा होता, जुन्या हॅलोजन दिव्यांच्या पिवळसर उजेडातला. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, पन्नासेक फोटो काढले, पहिल्या रांगेतल्या कुणाला पत्ताही नाही. मी खूश. मग रात्रीचा प्रवेश आला. प्रकाशयोजनाकाराने हॅलोजन उतरवले आणि निळे एलईडी पार मंद करून लावले. फोटो पाहिला तर नायिकेच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे, खिडकीच्या गजांची सावली पडावी तसे. वाटलं, ही प्रकाशयोजनाच असेल. मान वर करून पाहिलं तर रंगमंचावर पट्ट्यांचा मागमूस नव्हता. कॅमेरा उभा धरला, तर पट्टेही उभे झाले.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सभागृहात, लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात, जिथे जिथे एलईडी आले तिथे तिथे हा त्रास आहे. हॅलोजनची तार तापलेली असते. वीज कमी-जास्त झाली तरी ती क्षणात थंड होत नाही, म्हणून उजेड जवळपास एकसारखा राहतो. एलईडी मंद करताना बहुतेक वेळा तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला तो नुसता मंद दिसतो. सेन्सरला मात्र चालू आणि बंद दोन्ही दिसतं, कारण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये साधारण सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्याला मध्यम किमतीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा कितीतरी वेळा विझून पेटलेला असतो. ज्या ओळी दिवा विझलेला असताना वाचल्या गेल्या, त्या काळ्या. यांत्रिक शटरचा पडदा तेच अंतर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात कापतो, म्हणून त्यात हे पट्टे खूपच कमी होतात.

मी यांत्रिक शटरवर गेले. पट्टे जवळपास गेले आणि आवाज परत आला. जुन्या कॅमेऱ्यापेक्षा हलका, पण आला. म्हणजे ज्या गुणासाठी मी एवढे पैसे मोजणार होते, तो गुण माझ्याच कामात अर्धाअधिक निरुपयोगी होता. यावर उपाय आहेत. सोनी ए९ (२०१७) किंवा निकॉन झेड ९ (२०२१) यांच्यासारख्या कॅमेऱ्यांत सेन्सर फार वेगाने वाचला जातो. झेड ९ मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपतो. काही नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलून दिव्याच्या लयीशी जुळवता येतो. पण या गोष्टी किमतीबरोबर चढत जातात. साध्या ट्यूबलाइटचा प्रश्न त्या मानाने सोपा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/५० किंवा १/१०० ठेवलं की सहसा भागतं. रंगमंचावरच्या एलईडीची लय मात्र दिव्यागणिक वेगळी.

त्या संध्याकाळी आणखीही बरंच उघड झालं. सेटवर दिवाणखाना होता, आणि दिवाणखाना म्हटला की भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो आलाच. कॅमेऱ्याची चेहरा ओळखण्याची यंत्रणा इतकी तत्पर, की नट पाठमोरा झाला रे झाला, ती चौकट जाऊन आजोबांच्या चेहऱ्यावर बसायची. पुढे बाप-लेकाचं भांडण धूसर, मागे आजोबा खणखणीत. दुकानात विक्रेता समोर उभा राहून स्वतःचा चेहरा दाखवतो, तेव्हा हे कसं कळणार? मला ती यंत्रणा एका बटणाने बंद-चालू करता येणं गरजेचं आहे, हे तिथे समजलं.

मंद उजेडात फोकस सापडेना तेव्हा कॅमेऱ्याने मदतीचा दिवा पेटवला आणि नटाच्या छातीवर ठिपका उमटला. मेनूत जाऊन तो बंद केला. फोकसची ‘पीप’ बंद केली. फोटो काढल्यावर मागचा पडदा उजळतो, तोही बंद केला, कारण अंधाऱ्या सभागृहात तो मागच्या चार रांगांच्या डोळ्यांत जातो. मला चष्मा आहे. डोळ्याला लावायच्या व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे चष्म्यातून एकदम दिसतात का, हे अंक संपेपर्यंत पाहत राहिले. दोन मिनिटं डोळा लावून ते समजत नाही. वजनाचंही तसंच. नुसती बॉडी सहा-सातशे ग्रॅम, पण ७०-२०० एफ/२.८ लेन्स लावली की भार दोन किलोच्या आसपास जातो. दोन अंक संपेपर्यंत मनगटाने आपलं मत कळवलं होतं.

या अनुभवावरून इतरांना काही सांगावंसं वाटतं.

पहिलं म्हणजे, आपलं काम लिहून काढा आणि त्यातली सगळ्यात अवघड वेळ निवडा. पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर पहाटे भिगवणला न्या, बसलेल्या बगळ्यावर समाधान मानू नका, उडता पक्षी टिपा. घरातली लहान मुलं हा विषय असेल तर संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत धावणारं मूल टिपा. व्हिडिओ करणार असाल तर उन्हाळ्याच्या दुपारी, पंख्याशिवाय, सलग चित्रण करून पाहा. ४के चित्रणात काही कॅमेरे तापून मध्येच बंद पडतात, आणि थंडगार दुकानात ते कधीच घडत नाही.

दुसरं, स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि फाइली घरी आणून पाहा. मागच्या पडद्यावर सगळेच फोटो देखणे दिसतात. आयएसओ ६४०० चा फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडा, आणि मग आपल्याला छापायचा किती मोठा आहे तेही पाहा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने तो साधारण २० बाय १३ इंचांचा छापता येतो. अल्बमच्या १२ बाय १८ च्या पानाला तो पुरून उरतो. त्यामुळे ४५ मेगापिक्सेलच्या आग्रहाला बळी पडण्याआधी आपल्या भिंती मोजा.

तिसरं, फाइल आपल्या संगणकावर उघडते का? माझ्या ओळखीचे कितीतरी जण अजून एकरकमी घेतलेलं लाइटरूम ६ वापरतात. त्याची शेवटची आवृत्ती २०१७ च्या अखेरीची. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली ते थेट उघडत नाही. अडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून मार्ग निघतो, पण प्रत्येक वेळी एक पायरी वाढते.

चौथं, घरातल्या लेन्स. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांना जुन्या एफ माउंटच्या लेन्स लावायला कंपनीचा एफटीझेड अडॅप्टर मिळतो. विक्रेता “सगळ्या लेन्स चालतील, मॅडम” म्हणतो आणि ते खोटं नसतं. लेन्स लागतात, फोटो येतात. पण जुन्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते, आणि ती या अडॅप्टरमध्ये नाही. माझी लाडकी ८५ मिमी एफ/१.८ डी तिथे हाताने फोकस करावी लागली. प्रत्येक जुनी लेन्स लावून पाहा. जिथे नवी घ्यावी लागेल तिचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा.

भाड्याने घेताना कॅमेरा ताब्यात घेतानाच त्याच्या चारही बाजूंचा, लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचेचा आणि सीरियल नंबरचा मोबाइलवर व्हिडिओ करा, तोही देणाऱ्याच्या समोर. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहा. मी कॅमेरा परत द्यायला गेले तेव्हा हुडजवळच्या ओरखड्यावर बोट ठेवून “हा आधी नव्हता” म्हणत डिपॉझिटमधून पैसे कापायची तयारी झाली होती. व्हिडिओ दाखवला, विषय मिटला. शिवाय भाड्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी शेकडो वेळा चार्ज झालेली असते. ती लवकर उतरली म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवू नका.

नुसती हाताळणी करायची तर मुंबईत फोर्टातला बोराबाजार सोयीचा. कॅमेऱ्यांची दुकानं जवळजवळ असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉडी एकाच दुपारी हातात घेऊन पाहता येतात. तिथे मेनू चाळा, बोटं बटणांवर सहज पोचतात का ते पाहा. निर्णय मात्र घरी येऊन घ्या.

खरेदीच्या दिवशीही एक परीक्षा बाकी असते. एका दुकानात मला ‘नवा’ म्हणून दिलेल्या खोक्याचं सील उघडलेलं होतं. “आम्ही तपासून देतो, मॅडम,” असं कारण मिळालं. फॉरमॅट केलेलं कार्ड घालून एक फोटो काढला, तर फाइलचा क्रमांक हजारांच्या पुढे. तो काउंटरवरचा डेमो पीस होता. इथे कार्ड रिकामं असणं महत्त्वाचं. आधीचे फोटो असलेलं कार्ड घातलं तर कोरा कॅमेराही पुढचा क्रमांक देऊ शकतो. मी तो घेतला नाही. डेमो पीस घ्यायला हरकत नाही, पण तसं सांगून आणि तशा किमतीत. “बिल नको असेल तर कमी करतो” हाही सापळाच. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवताना कंपनीची भारतातली वॉरंटी हातची जाऊ शकते. सीरियल नंबर खोक्यावर, बॉडीवर आणि बिलावर एकच हवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथेही पहिल्यांदा बिलच मागतात.

शेवटी मी काय केलं? तालमीला नेलेला कॅमेरा घेतला नाही. ज्याच्या यांत्रिक शटरचा आवाज मला सगळ्यात दबका वाटला असा, त्याहून स्वस्तातला मिररलेस घेतला, आणि वाचलेल्या पैशांत ८५ मिमीची नवी लेन्स आली. जिथे संपूर्ण शांतता हवीच अशा मोजक्या प्रयोगांना वेगवान सेन्सरचा महागडा कॅमेरा भाड्याने आणते. ते भाडं दिग्दर्शकांशी आधीच बोलून घेते.

भाड्याच्या त्या संध्याकाळीच विक्रेत्याचा फोन आला होता, “मॅडम, ऑफर आज रात्री संपतेय.” तुम्हालाही येईल. खुशाल संपू द्या. दिवाळी दरवर्षी येते.