डिशवॉशरची गळती : आधी जागा शोधा

डिशवॉशर गळू लागला की प्रथम प्लग काढावा व नळ बंद करावा. पाणी आणि वीज एकत्र आली तर जिवावर बेतते. मग पाणी कोठून येते ते पाहावे.

दारातून फेस येत असेल तर बहुधा हाताने भांडी घासण्याचा साबण आत गेला आहे. यंत्राचीच पावडर वापरावी. फेस नसेल तर दाराचे रबर पुसावे, चिरले असल्यास बदलावे. यंत्र पुढे कलले नाही ना, तेही पाहावे. मागून गळत असल्यास पाइपाची क्लिप आवळावी.

आम्ही कापडवाले आधी धागा कोठे तुटला ते पाहतो, मगच रफू करतो. इथेही हिशेब तोच. तळातून, पंपाजवळून पाणी येत असेल तर मात्र कारागिराचे काम कारागिरालाच द्यावे. त्याची मजुरी वाया जात नाही.