पार्ट लाखाचा, बिल दोन लाखांचं

गाडीत एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवायचं मनात आलं, की पहिला प्रश्न ‘केवढ्याला पडतो?’ आणि त्यावर कोणीतरी परदेशी दुकानातली पाउंडातली किंमत सांगून मोकळा होतो. तेवढ्यावर बजेट आखलं तर अर्ध्या वाटेत खिसा रिकामा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतो. तिथवर पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवा, उघडा, बेअरिंग काढा, पुन्हा मोजून बसवा. आणि हा खर्च गिअरबॉक्स उघडेल तितक्या वेळा पडतो. म्हणून निवड करताना पार्टची किंमत दुय्यम धरावी आणि आधी विचारावं : हा गिअरबॉक्स किती वेळा उघडायला लावणार आहे?

उदाहरणाला पुण्यातली पोलो १.० टीएसआय घेऊ. सहा गिअरची मॅन्युअल, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, आणि वर्षातून एक-दोनदा कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक. दोन्ही ठिकाणं पुण्याहून अकराशे-बाराशे किलोमीटरवर. ज्या गाडीने ट्रॅकवर पळायचं, त्याच गाडीने घरी परत यायचं.

साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. वळणात वजन बाहेरच्या बाजूला झुकतं, आतलं चाक हलकं होतं. ते १०० न्यूटन-मीटरला घसरायला लागलं, तर बाहेरच्या चाकालाही १००च मिळतात. त्याची पकड कितीही असो. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना आतला टायर धूर काढतो आणि गाडी जागेवरच, ती हीच गंमत. तिरप्या दातांच्या गिअरवाल्या, म्हणजे हेलिकल एलएसडीचं टॉर्क वाटायचं प्रमाण (बायस) २.५ ला १ असेल, तर त्याच क्षणी बाहेरच्या चाकाला २५० पर्यंत जाऊ शकतात.

पण थांबा. ट्रॅकवर दोन-चार फेऱ्यांतच ब्रेक पेडल मऊ पडत असेल, टायर कंपनीतून आलेलेच असतील आणि अलाइनमेंट टायरवाल्याकडची रस्त्याची असेल, तर एलएसडीचे पैसे अजून बाहेर काढू नका. चांगले टायर, ट्रॅकचे पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल आणि पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर हे सगळं मिळून पन्नास-साठ हजारांत बसतं, आणि या ताकदीच्या गाडीत फरक त्यानेच जास्त पडतो. हे झाल्यावरही आतलं चाक घसरतंच, तर पुढे वाचा.

बाजारात मुख्यतः दोन जाती. क्लच-प्लेटवाला एलएसडी प्लेटा एकमेकींवर दाबून दोन्ही चाकं बांधतो. त्याचा प्रीलोड, रॅम्पचे कोन, वन-वे की वन-पॉइंट-फाइव्ह-वे हे सगळं जुळवता येतं. आतलं चाक हवेत उचललं गेलं तरी तो काम करतो. रेसिंगवाले यावर जीव टाकतात, ते उगीच नाही. पण प्लेटा झिजतात. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कटकट आवाज येतो. झिजलेल्या प्लेटांची भुकटी ऑइलमध्ये मिसळते आणि पोलोत तेच ऑइल गिअरच्या सिंक्रोनायझरलाही लागतं, त्यामुळे ते वारंवार बदलावं लागतं. प्लेटांचा संच फार महाग नसतो, पण बसवायला गिअरबॉक्स पुन्हा खाली. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल स्वतंत्र डब्यात असतो, तो काढून टेबलावर घेता येतो. तिथे प्लेटवाल्याचा हिशेब बराच सुसह्य आहे.

दुसरी जात हेलिकल गिअरची : टॉर्सन, क्वेफचा एटीबी, वेव्हट्रॅक. यात झिजणाऱ्या क्लच-प्लेटा नाहीत. भार आला की तिरप्या दातांचे पिनियन हाउसिंगवर रेटले जातात आणि घर्षणाने टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. शहरात आवाज नाही, स्टिअरिंगला फारसा झटका नाही, ऑइल नेहमीचंच. उणीव एकच, एक चाक पूर्ण हवेत गेलं की तो जवळजवळ साध्यासारखा वागतो, कारण शून्याला अडीचने गुणलं तरी शून्यच. (वेव्हट्रॅकने यावर तोड म्हणून आत जादा यंत्रणा घातली आहे, किंमतही तशीच.) आमच्या या पोलोला हेलिकलच. एकदा बसवला की विसरायचा.

काही गाड्यांत कंपनीच ब्रेकने आतलं चाक अडवून एलएसडीचा आव आणते. रस्त्यावर ठीक, ट्रॅकवर त्याने पुढचे पॅड अधिकच तापतात. २०२० मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ सारख्या गाडीत मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा खराखुरा क्लच आहे. आणि ‘थारला मागे लॉक आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी : ते चिखलातून निघण्याचं साधन आहे, वळणातून लवकर निघण्याचं नाही.

आता पैसे. हेलिकल एलएसडी ब्रिटनमध्ये साधारण ७०० ते ९०० पाउंडांना, तिथला व्हॅट वगळून. ८०० पाउंड धरा आणि पाउंड ११८ रुपये. झाले ९४ हजार. वाहतूक-विमा आठेक हजार. या १ लाख २ हजारांवर मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच कर २८ टक्के होता, त्यामुळे जुने आकडे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. एकूण बोजा साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३८ हजार. दारात येईपर्यंत १ लाख ४० हजार.

मजुरीला २५ ते ३० हजार धरावेत. दोन्ही बाजूंची बेअरिंग, ऑइल सील, बोल्ट, गिअर ऑइल मिळून आणखी १५ ते २० हजार. बोल्ट कशाला? अशा बऱ्याच फोक्सवॅगन गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील डिफरन्शियलला रिव्हेटने ठोकलेलं असतं. ते रिव्हेट ड्रिलने काढून नव्या हाउसिंगवर क्राउन व्हील बोल्टने, टॉर्क रेंच लावूनच आवळायचं. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या फिटरला इथे हात लावू देऊ नका. बेअरिंगचा प्रीलोड मोजून शिम निवडावे लागतात. मोजायला काय वापरता, हे आधी विचारा. उत्तर ऐकलं की वर्कशॉपची पारख होते. या कामावर १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल घ्या. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्लच किटही बघून घ्या, गरज असेल तर त्याचे वीस-तीस हजार वेगळे. बेरीज दोन लाखांच्या पुढेमागे. उलट विचार केला तर क्लच जायला आलेलाच असेल, तर एलएसडी बसवायचा मुहूर्त तोच. मजुरीचा काही भाग तसाही जाणार होता.

ऑर्डर देताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. गिअरबॉक्सवरचा कोड वाचा, फोटो काढा, विक्रेत्याकडून लेखी होकार घ्या. आजन्म वॉरंटी असं लिहिलेलं असतं, तिथे रेसिंग वगळलंय का आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा, एवढं तपासा.

सेकंडहँड घेत असाल तर ड्राइव्हशाफ्टच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. मधून आडवी पिन गेलेली दिसली आणि तिच्यावर दोन छोटे गिअर, तर तो साधाच डिफरन्शियल. हेलिकलमध्ये ती पिन नसते. प्लेटवाला जुना घेणं म्हणजे प्लेटांचा खर्च आधीच अंगावर घेणं, भावात तेवढं कमी करून मागा.

गाडीची पॉलिसीही उघडून वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर भिंतीला लागली तर दुरुस्ती तुमच्याच खिशातून. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर रस्त्यावरच्या अपघातातही वादाला कारण मिळतं. गाडी वॉरंटीत असेल तर गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असंच समजा.

जुना डिफरन्शियल, शिमसकट, पिशवीवर मापं लिहून ठेवा. गाडी विकताना घेणारा एलएसडीचे वेगळे पैसे क्वचितच देतो. काढून स्वतंत्र विकला तर हेलिकलला भाव बरा येतो. मात्र त्यासाठी गिअरबॉक्स आणखी एकदा उतरेल, आणि रिव्हेट गेलेल्या जुन्या हाउसिंगला क्राउन व्हील आता बोल्टनेच लावावं लागेल. मजुरी, सील आणि ऑइल वजा जाता हातात पंधरा-वीस हजारही उरत नसतील, तर तो गाडीतच जाऊ द्या.