विधवेची सेवा
वाचन : लूक २:३६-३८, १ तीमथ्य ५:३-१०

पौल तीमथ्याला विधवांविषयी दोन गोष्टी सांगतो. जी खरोखर निराधार आहे, तिचे पोषण मंडळीने करावे, ही पहिली. दुसरी अशी की, तिची सत्कृत्ये पाहावी : तिने लेकरे वाढविली काय, अतिथींचा सत्कार केला काय, संकटात पडलेल्यांस हात दिला काय. आपल्या मंडळ्या पहिली गोष्ट थोडीबहुत पाळतात. दुसरीचा आपणांस विसर पडतो.

या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण आपल्याच प्रांतात घडले. सन १८८२ मध्ये पंडिता रमाबाई विधवा झाल्या, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तेथे आरंभी आलेल्या विधवांत देवरुखच्या गोदूबाई जोशी होत्या. सन १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी एक मुलगा. थोरल्या बहिणीच्या आश्रयाने तिने सव्विसाव्या वर्षी विद्याभ्यास आरंभिला. पुढे कर्व्यांच्या हिंगणे येथील आश्रमासाठी ती गावोगाव वर्गणी मागत फिरली. सन १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती अमेरिकेस गेली आणि परक्यांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकली. सन १९५५ मध्ये, सुमारे ८५ वर्षांची होऊन, ती मरण पावली.

पार्वतीबाई ख्रिस्ती झाली नाही, हे आपण सरळ सांगावे. तरी तिच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर आपल्या मराठी मिशनाचे रेव्हरंड जस्टिन अॅबट यांनी केले, व ते १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. परधर्मीय भगिनीचे सत्कृत्य त्यांनी ओळखले. मग आपल्या बाकावर बसणाऱ्या विधवेचे आपण का ओळखू नये?

कापणीच्या सणात आपण तिला पायलीभर धान्य देतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. तिला काम कोणी विचारीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, बाळंतिणीची रात्र काढणे, लेकरांस शास्त्रकथा सांगणे, ही कामे तिच्याहून बरी कोण जाणतो? मात्र, सेवा मागितली म्हणून धान्य बंद करू नये. पौलाने दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. आणि तिच्या सेवेचे स्मरण तिच्या दफनाच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नये. ती ऐकत आहे तोवर मंडळीत तिचे नाव घेऊन आभार मानावे.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न
१. हन्नाचे दुःख लूकाने किती शब्दांत सांगितले, आणि तिची सेवा किती?
२. आपल्या गावात विधवा माता किती आहेत? त्यांपैकी कोणाकडे मंडळीचे काम सोपविले आहे?
३. येत्या रविवारी आपण कोणाचे आभार मानणार?